खाजणाकाठचे मुक्काम

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी मला भाडं, आडनाव, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात सायकल उलटी करून त्या चेनला तेल घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सायकल येती का गं तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग उदगीरहून इथवर कशी आलीस?"

"बसनं."

"म्हणजे वाटेत काहीच बघितलं न्हाईस," असं म्हणून त्यांनी चाक एकदा गरकन फिरवलं आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. खोली मी अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

बिदरला ज्या मराठी शाळेत मला नोकरी लागली होती, तिथेच अक्का भूगोल शिकवायच्या. नौबादमधलं त्यांचं घर शाळेपासून लांब होतं, पण त्या सायकलनंच यायच्या. सगळी शाळा त्यांना अक्का म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले मुख्याध्यापकसुद्धा. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर विभूती, पायात पुरुषी चपला. साडी अशी खोचलेली की दांडीच्या सायकलवर पाय टाकता यावा. गल्लीतली पोरं कधी काळी हसली असतील, पण मी आले तोवर त्यांचं हसून झालं होतं.

मला त्या सुरुवातीला मुळीच आवडल्या नाहीत. न विचारता सल्ला द्यायच्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या आणि कुणाच्या हातचं पाणी प्यायच्या नाहीत. एप्रिलच्या उन्हात पाठोपाठ तास घेऊन घसा कोरडा पडला तरी स्टाफरूममधल्या माठाकडे फिरकायच्या नाहीत. चहा पुढे केला की हातानंच नको म्हणायच्या. विटाळ न मानणाऱ्या शिवशरणांच्या वाटेवरच्या लिंगायत घरातली बाई आणि असलं सोवळं पाळते, म्हणून आम्ही पाठीमागे पुष्कळ बोललो. त्यात माझा आवाज सगळ्यांत वर होता.

खरं कारण मला घरात कळलं. अक्कांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. नवरा गेल्यावर ती परत आली, आणि काही वर्षांत तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला न्यावं लागे. अशा माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यायलेलं बाहेर पडत नाही, अंगात साचतं, छातीत चढतं. रोज सकाळी अक्का दोन सारख्या लोट्या भरून ओट्यावर ठेवायच्या. एक धाकटीची, दिवसभराची. दुसरी त्यांची स्वतःची, तीही दिवसभराची. त्यावर एक थेंब त्या कुठे घेत नसत.

"तुम्हाला काय झालंय? तुम्ही कामून तहानेनं मरायलाव?" मी त्यांच्याच बोलीत एकदा चिडून विचारलं.

"ती एकटीच बघत बसंल का माझ्याकडं, मी घटाघटा प्यायल्यावर?" त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

अक्का लग्नाशिवाय राहिलेल्या, धाकटी लग्न होऊन परत आलेली. दोघींना एकमेकींशिवाय घरात कुणी नव्हतं. मंठाळला भाऊ होता, शेत होतं, येणंजाणं होतं, पण घर म्हणाल तर या दोघीच. हे मला समजलं आणि माझा आवाज स्टाफरूममध्ये जरा खाली आला.

त्या घरात सदानकदा दोघींच्या एका सायकलच्या सहलीची बोलणी चालायची. तिची सुरुवात कशी झाली ते मला धाकटीनंच सांगितलं. पहिल्याच डायलिसिसनंतर ती म्हणाली होती, मी परत येणार नाही. हातात जाड सुया, चार तास एका कुशीवर, शेजारच्या पलंगावर कण्हणारं माणूस. यापेक्षा व्हायचं ते होऊ दे.  पुढच्या वारी अक्कांनी शाळेतला आंध्र किनाऱ्याचा गुंडाळीचा नकाशा बगलेत मारला आणि बहिणीला म्हणाल्या, "डायलिसिसला नको येऊ. पण सायकलवर फिरायला जायचं ठरवायचंय, ते बसून ठरवायला तरी चल." लहानपणी मंठाळला दोघी भाड्याची सायकल घेऊन शिकल्या होत्या, एक हँडल धरायची, दुसरी मागून ढकलायची. धाकटीला हसू आलं आणि ती गेली.

तो नकाशा वॉर्डात सलाइनच्या स्टँडवर टांगला गेला. तिथली सिस्टर ओरडली, तिला अक्कांनी पूर्व किनारा समजावून सांगितला. ठिकाण ठरलं होतं पुलिकतचं सरोवर. खाजण सरोवर म्हणजे काय, हे मी अक्कांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा सांगेन. समुद्राच्या काठाशी वाळूचा बांध तयार होतो, बांधाच्या अलीकडे पाणी अडतं, ते ना धड समुद्राचं ना धड नदीचं, अर्धं खारट, अर्धं गोड, कुठेही गुडघाभर. त्याच्या काठानं सायकलवर जायचं. सावकाश. घाई करायची नाही, हा पहिला नियम. हिवाळ्यात जायचं, कारण लांबलांबचे पक्षी तेव्हा येतात.

नकाशावर ते सरोवर हरभऱ्याच्या दाण्याएवढं होतं. त्या दाण्याच्या काठावर अक्कांनी किती मुक्काम बसवले, याचा हिशेब मी सोडून दिला. दर डायलिसिसला एक मुक्काम, हा दुसरा नियम. मुक्काम म्हणजे नुसतं गावाचं नाव नाही. सकाळी लिंगपूजा कुठे करायची, पूजेला गोडं पाणी कोण देईल, मासे वाळत घातलेल्या अंगणात पूजा चालेल का, यावर दोघींचा वाद व्हायचा. धाकटी म्हणायची, देवाला नाक कुठं हाय. अक्का म्हणायच्या, तुला हाय ना, तू नाक दाबून बसशील. मग कोळ्यांच्या वस्तीच्या अलीकडे, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला मुक्काम सरकायचा. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. साड्या कुठे वाळवायच्या, पंक्चर झालं तर तेलुगूत काय सांगायचं, हेही ठरायचं. पाणी दिसलं की उतरायचं, बघून झाल्यावरच पुढे जायचं, आणि बघून कधी झालं हे धाकटीनं ठरवायचं. अशा हिशेबानं माणूस एका सकाळी फार तर एका वळणापर्यंत पोचतं.

"अक्का, या वेगानं तुम्ही म्हाताऱ्या व्हाल," मी एकदा म्हणाले.

"होऊ दे की," त्या म्हणाल्या. "आमी दोघी संगटच होणार."

दवाखान्यात जाताना धाकटी ऑटोत बसायची आणि अक्का सायकलवरून ऑटोच्या मागे जायच्या. सराव व्हायला पाहिजे म्हणून. ऑटोवाला भला माणूस, तो मुद्दाम हळू चालवायचा आणि आरशात बघत राहायचा. दर वेळी त्याचं एकच म्हणणं, "अक्का, अंदर बैठो ना. लोगां मेरेकू हँसते." अक्का घाम पुसत म्हणायच्या, "तू चल. मैं आतीऊं." परत येताना धाकटीचा चेहरा कागदासारखा पांढरा असायचा, मान मागे टेकलेली, तरी ती ऑटोच्या मागच्या फटीतून हात बाहेर काढून अक्कांना हलवून दाखवायची. नौबादच्या रस्त्यावर ही वरात आठवड्यातून दोनदा निघायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसले. नंतर मला हसू येईनासं झालं.

एका शुक्रवारी अक्कांना परीक्षेचं काम आलं, सुटता येण्यासारखं नव्हतं, म्हणून धाकटीसोबत मी गेले. नकाशा मी विसरले. सुया टोचून झाल्या, यंत्र सुरू झालं, आणि मी ओशाळून म्हणाले, "आजचा मुक्काम राहिला."

"राहू दे," ती म्हणाली. मग तिनं उशाखालचा मोबाईल काढला, मोकळ्या हाताच्या अंगठ्यानं काहीतरी उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. पडद्यावर तेच सरोवर होतं, निळं, आणि त्याच्या कडेनं एक रस्ता.

"ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत किती हाय म्हाईत हाय का बाई? सकाळी निघालं तर दिवे लागायच्या आत संपतंय. सायकलवर. बघत बघत गेलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारी."

मी मोबाईल जवळ घेऊन पाहिला. भूगोलात आयुष्य घालवलेल्या बाईला नकाशाचं प्रमाण कळत नसेल, असं तर होणं नाही. म्हणजे अक्का जाणूनबुजून तो दाणा ताणत बसल्या होत्या.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"लई आधीपासून. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मुक्कामाला बघितलं मी."

"मग अक्कांना बोलला नाहीत?"

"काय बोलू?" ती छताकडे बघत म्हणाली. "मला आता हे सोसत न्हाई, बाई.  दर येळी वाटतंय, बास झालं, आता न्हाई यायचं. पण ती नकाशा उलगडती. मी न्हाई आले तर ती काय करील? कुणामागं सायकल मारील? तिला वाटतंय मी त्या तळ्याच्या आशेवर जगायलेय. वाटू दे."

माझे डोळे भरून आले, ते तिला आवडलं नाही. "रडू नकोस, सिस्टर इकडंच बघायली," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिला सांगू नकोस. निदान मी हाय तोवर."

त्या दिवसानंतर दोघी नकाशापुढे वाद घालू लागल्या की मी तिथून उठून जायची. दोघी एकमेकींशी इतक्या प्रेमानं खोटं बोलत होत्या आणि मधे मी एकटी सगळं माहीत असून बसलेली. मला त्या घरात गुदमरल्यासारखं व्हायचं. खोली सोडावी असंही मनात आलं, पण सोडली नाही.

तेवढ्यात येळवस आली. आमच्या या सीमेवरच्या गावांत मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळी माणसं शेतात जातात. कडब्याची कोपी, म्हणजे लहानशी खोप, करून आत पूजा मांडतात, भज्जी, उंडे, खीर करतात, आणि मडक्यात आंबील असते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसूण घातलेली, थंडगार. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून शेतात आणतात. आंबील प्यायल्याशिवाय कुणी शेतातून जायचं नाही, अशी रीत आहे. शत्रू असला तरी त्याला पाजतात.

अक्कांनी सहलीचं निघणं दर वर्षी येळवस झाल्यावर ठरवलेलं असायचं. येळवस झाली की संक्रांत, संक्रांत झाली की परीक्षा, आणि मग ऊन. धाकटी ते निमूट ऐकून घ्यायची. त्या वर्षी अक्का मलाही मंठाळला भावाच्या शेतावर घेऊन गेल्या. धाकटी फार खंगली होती. पाय सुजलेले, चार पावलं टाकली की बसावं लागे. अक्कांनी तिला सायकलच्या मागच्या कॅरिअरवर उशी बांधून बसवलं आणि हँडल धरून गाडीवाटेनं कोपीपर्यंत चालवत नेलं. एका बाजूला तूर, एका बाजूला हरभरा. "मागचा ब्रेक जरा आवळायला पाहिजे," असं काहीतरी दोघी बोलत होत्या, उद्याच निघायचं असल्यासारखं.

पूजा झाली, नैवेद्य झाला, पोरं आरोळ्या देत शेताच्या कडेनं आंबील शिंपडून आली. पंगत बसली. भावजय लोट्या भरून फिरू लागली. अक्कांच्या आणि धाकटीच्या पुढ्यात तिनं लोटी ठेवली नाही, तिला सवयच झाली होती. सगळं रान आंबील पीत होतं आणि या दोघी कोरड्या बसल्या होत्या.

"अक्का," धाकटी एकदम म्हणाली, "मला दे ना आज. एक लोटी. भरून."

अक्कांचा घास हातातच राहिला. "न्हाई."

"येळवस हाय."

"डॉक्टर काय म्हणले ठाऊक हाय ना? श्वास चढंल."

"चढू दे की."

 भावानं मान खाली घातली. अक्का हटल्या नाहीत. "येड्यावानी करू नकोस. आता थोडकेच मुक्काम राहिलेत. वाळूचा बांध आला की समुद्र दिसणार. एवढं आलीस आणि इथं सोडतीस व्हय?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती हसली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणतीस तर बरं." भावजयीनं बोट आंबिलीत बुडवून तिच्या ओठांना लावलं. तिनं ते चाटून घेतलं.

त्यानंतर ती फार दिवस टिकली नाही. यंत्रावरच तिचं हृदय बंद पडलं. नकाशा स्टँडवर टांगलेला होता आणि अक्का त्यावर काठी टेकवून पुढच्या गावाचं काहीतरी सांगत होत्या. सिस्टर धावत आली तेव्हाही अक्कांचं वाक्य चालूच होतं, असं मला नंतर कळलं. मंठाळच्या त्याच शेतात तिला माती दिली.

अक्का रडल्या नाहीत. शाळेत येऊ लागल्या, तास घेऊ लागल्या. सकाळी ओट्यावर लोटी मात्र एकच असायची, आणि तीसुद्धा संध्याकाळी तशीच भरलेली दिसायची. मी रागावले, भावजय येऊन रागावून गेली, उपयोग झाला नाही.

एका मंगळवारी सकाळी दारात ऑटो येऊन थांबला. ऑटोवाला आत बसूनच राहिला, मग उतरला, आणि तोंड दोन्ही हातांनी पुसत म्हणाला, "माफ करना अक्का. आदत हो गई. हाथां खुद इधरच मुड गए." त्याला रडू आवरेना. अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला चहा करून पाजला आणि पाठवून दिलं. मग त्या पायरीवर बसल्या. मी शाळेसाठी तयार होऊन बाहेर आले होते, त्यांच्याजवळ बसले.

"मी फसवलं गं तिला," अक्का म्हणाल्या.

"कशात?"

"ते तळं एवढंसं हाय. एका दिवसाचा रस्ता. मी मुक्काम वाढवत गेले. ती कटाळली होती, तिला नको झालं होतं, मला दिसत होतं की. पण मी तळ्याची आशा लावून तिला दर येळी त्या सुयांवर नेऊन बसवलं. भोळी ती. मी सांगितलं आणि ती चालत आली." त्यांनी पदर तोंडात धरला. "मेल्यावर तरी तिला कळलं असंल का, की अक्का खोटं बोलत होती?"

आता धाकटी नव्हती. मला ते पेलवेनासं झालं होतं, आणि अक्कांना बरं वाटेल, असंही वाटलं. मी सगळं सांगितलं. तो शुक्रवार, मोबाईल, पडद्यावरचा रस्ता. तिला सुरुवातीपासून माहीत होतं, तुम्ही फसवलं नाहीत, ती तुमच्यासाठी येत होती, हेही सांगितलं.

अक्कांच्या तोंडातला पदर सुटला. समोर सायकल उभी होती, तिच्याकडेही त्या बघत नव्हत्या. मला वाटलं, आता रडतील आणि मोकळ्या होतील.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या.

"हो अक्का."

"मी तिच्यासाठी नेत होते." त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. "तिला जगायचंय म्हणून नेत होते मी. मला आधी कामून सांगितलं न्हाईस? सोडलं असतं गं मी तिला. येळवशीलाच सोडलं असतं. पोटभर आंबील पाजून."